नकाशावरचं भरीत

धुळ्याहून बस शिंदखेड्याकडे निघाली तेव्हा माझं मत पक्कं होतं: तापीकाठी मोठा पर्यटन प्रकल्प व्हायलाच हवा. नौकाविहार, हॉटेलं, निदान एक बरं स्वच्छतागृह! सुधारणेविषयीची माझी तळमळ अशी पोट रिकामं असलं की जागी होते.

फाट्यावर माझा मित्र शरद मोटारसायकल घेऊन उभा होता. "ग्रामपंचायतीत आज त्याच प्रकल्पाची बैठक आहे," तो म्हणाला, "पण तिथं चिटपाखरू नाही. सगळं गाव आमच्या वावरात (शेतात) आहे." थंडीत, वांग्याच्या भरताच्या दिवशी बैठक ठेवणं ही प्रकल्पाच्या साहेबांचीच चूक!

वावरात कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर हिरवी, वीतभर लांब वांगी भाजत होती. वासानंच मी अर्धा जेवलो. शरदची आई, साऱ्या गावाची सखूअक्का, मिरच्या ठेचत होती. केळीच्या पानांवर पंगत बसली. कोणी म्हणे, हॉटेल आलं तर पोरांना सुरत गाठावी लागणार नाही. कोणी म्हणे, मग आमच्या मासेमारीचं काय?

शेवटी वाट पाहून साहेबच वावरात आले. पंगतीत बसले आणि पुढ्यात नकाशा पसरून म्हणाले, "हा वाहनतळ." बोट बरोब्बर अक्काच्या वावरावर होतं. एवढ्यात वाढपी नानांनी भरताचा भलाथोरला गोळा त्या नकाशावरच वाढला. साहेब दचकले.

"पंगतमा पसरं ते पानच शे ना, भाऊ!" (पंगतीत पसरलं ते पानच ना!) नाना म्हणाले. हसता हसता मला ठसका लागला.

अक्का मात्र हसली नाही. "पाव्हना येऊ द्या ना. मी कोठे नही म्हनस? पन वावरच गय, ते त्यास्ले खावाले काय घालशात?" (वावरच गेलं तर त्यांना खाऊ काय घालणार?)

साहेब ओशाळले. "लेखी हरकत द्या. वाहनतळ फाट्याजवळच्या पडीक जागेत नेता येईल," म्हणाले, आणि आणखी भरीत मागितलं.

निघताना अक्कानं पिशवीभर वांगी आणि मिरच्या दिल्या. पुण्याला घरी आल्यावर मी वांगी गॅसवर भाजली. तीच वांगी, त्याच मिरच्या, पण ती चव काही येईना. वैतागून अक्काला फोन लावला.

"वावरन्या काड्या कोठे शेतस तुनाकडे?" (वावरातल्या काड्या कुठे आहेत तुझ्याकडे?) ती खळखळून हसली. "आते समजनं ना तुले? मंग तूच लिख ती हरकत."

मी ताट बाजूला सारलं आणि कागद ओढला.