चिंचणी ते बोईसर, चौथ्या गिअरमध्ये

शनिवारी सकाळी चिंचणीहून बहिणीच्या नवऱ्याचा, विलासरावांचा फोन आला. "दादा, तुमची गाडी ओढत नाय. भंगारवाल्याला सांगितलंय, संध्याकाळी येतो."

चहा तसाच टाकून मी केळव्याहून निघालो. पाच गिअरचा तो जुना ट्रक मी बहिणीला वाडीचा माल रोज बोईसरला न्यायला दिला होता. त्याचं इंजिन मी स्वतः उघडून बांधलंय, कोणाकडे न शिकता. तो गेला की ती भाड्याच्या टेम्पोमागे फिरणार.

केळवे-माहीम-पालघर रस्ता वाड्यांतून जातो. सावली आहे, पण अरुंद. स्वतःची गाडी असेल तर समोरून एसटी आली की गपचूप बाजूला घ्या. मी पालघरहून बोईसरची एसटी धरली. स्टेशनबाहेर वडापाव गरम मिळतो, तिथेच खाऊन घ्यावं. पुढे चिंचणीला शेअर रिक्षा.

"दादा, आधी पाणी तरी पी," बहीण म्हणाली.

"आधी गाडी."

नारळ भरलेलेच होते. विलासराव स्टिअरिंगवर, मधे बहीण, कडेला मी. गाव सुटतंय तोच, वेग चाळीसच्याही आत असताना त्यांनी पाचवा गिअर टाकला. गिअरचा दांडा थरथरायला लागला.

"विलासराव, हा पाचवा आहे."

"टॉपला डिझेल वाचतं, दादा. सगळे असंच चालवतात."

गतिरोधक आला, तरी गिअर उतरवला नाही. पुढे पुलाच्या चढावर काळा धूर, दोन आचके, आणि इंजिन बंद. मागच्या ट्रेलरवाल्याने डोकं बाहेर काढलं, "चाचा, धक्का लगाऊँ क्या?"

"बघा," विलासराव म्हणाले, "म्हातारी झाली."

माझं डोकंच फिरलं. वाचकहो, जुनी गाडी घेऊन इकडे येणार असाल तर नीट वाचा. या गाडीत चौथ्याला इंजिन आणि मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सारखेच फिरतात. पाचवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिन हळू आणि शाफ्ट जोरात. त्यात वेग टिकतो, ताकद मिळत नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर साठच्या पुढे गेलात तर खुशाल टाका. बोईसरच्या खड्ड्यांत, माल भरून, पाचव्याला कोंडलेलं इंजिन तापतं, बेअरिंग मार खातात आणि डिझेल काही वाचत नाही. चालवणाऱ्याच्या खोडीपायी गाडीला भंगार ठरवायचं, हा कुठला न्याय?

मी स्टिअरिंग घेतलं. त्याच चढावर पहिला, दुसरा, तिसरा. वर पोचल्यावर चौथा. ट्रक गेला. विलासराव खिडकीबाहेर बघत होते.

"म्हणजे मला गाडी येत नाय?"

"येते. तिचा आवाज ऐकत नाही तुम्ही."

"मग आमच्या रस्त्याला पाचवा लागतो कुठे?" बहिणीने विचारलं.

"मनोरला हायवेवर."

"मनोरला आमी जातो कधी?" म्हणत तिने फोन काढला आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

बाजारात माल उतरवून मी एसटीने परतलो. घरी आलो तरी संताप जाईना. एका गिअरच्या सवयीपायी धडधाकट ट्रकचे तुकडे झाले असते, आणि सगळ्यांनी मान डोलावली असती.

जेवायच्या वेळी बहिणीचा फोन आला. "येताना चौथ्यातच आणली. दोनदा त्यांचा हात पाचव्याकडे गेला, मी धरला."

"ओढतो ना?"

"ओढतो की. पण हे रुसलेत. जेवत नायत."

"ताट झाकून ठेव," मी म्हटलं.