जागची न हलणारी पोर

भाद्रपद, सन एक्याऐंशी. रिहे गावच्या बालवाडीत मी सकाळी पोरांच्या खाऊची सुकडी चाळत होते. पुण्याहून आलेल्या डॉक्टरीणबाई एक घड्याळ कानाशी धरून हलवत म्हणाल्या, "मला घाबरवायचं नाहीये, पण हे चाललेलंच नाही."

हे त्यांचं पालुपद. दूध नासो की एसटी चुको, आधी "घाबरवायचं नाहीये". अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांनी धीर दिला की माणूस जास्तच घाबरतो.

लहान मुलं दिवसभरात किती हालचाल करतात, हे बाई मोजत. त्यासाठी मुद्दाम बदल केलेली घड्याळं आणली होती. पाय हलला तरच काटा पुढे जाई. आदल्या दिवशी ती पोरांच्या घोट्याला बांधली, आणि आज सगळेच काटे जवळजवळ जागेवर.

"सगळी आजारी आहेत का हो?" बाईंचा चेहरा उतरला.

मी दारातल्या आयांना विचारलं.

"बाईंची वस्तू हाय. फुटली म्हंजी?" एक म्हणाली. "हललास तर तंगडं मोडीन म्हनलं."

सगळ्यांनी हेच केलं होतं. मी हसले. बाई हसल्या नाहीत. पोरांना मोकळं सोडा म्हणाल्या आणि घड्याळं पुन्हा बांधली.

संध्याकाळी सगळे काटे पळालेले. एका पोरीचा सोडून.

"हिला अजून दटावलंय का?" बाईंनी विचारलं.

"तिला कशाला दटावू?" तिची आई कौतुकानं म्हणाली. "लई गरीब पोर हाय. चार पावलं गेली की बसती. कुनाला तरास न्हाई."

गरीब म्हणजे शांत, गुणी. सारं गाव तिला तसंच म्हणे. अंगणात उकिडवी बसली की वाटे, खडे वेचतेय.

बाईंनी तिला आडापर्यंत चालवलं. ती मध्येच बसली. ओठ जांभळट झाले. बाईंनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मी त्यांच्या पालुपदाची वाट पाहत होते. ते आलंच नाही.

"उद्या हिला पुण्याला आणा," त्या एवढंच म्हणाल्या. "मी दवाखान्याच्या दारात उभी असेन." आणि शेवटच्या एसटीनं गेल्या.

"पन ती रडत बी न्हाई, बाई," आई मला म्हणाली.

"म्हणूनच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडीला कुलूप लावलं, पोरीला मांडीवर घेऊन पहिल्या गाडीत बसले. शेजारी तिची आई. घोट्याचं घड्याळ काढायचं राहूनच गेलं होतं. पोर जागी होती, पण हलत नव्हती, आणि गाडीच्या धक्क्यांनी काटा मात्र पळत होता.