मामाजींचं जहाज

लेकीला नौदलाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. पण आमच्या सौंसरच्या घरात मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, शब्द शेवटचा. ते संत्र्याच्या बागेतून आले तसं मी भीत भीत विचारलं, "मामाजी, पोरीला जहाजावरची नोकरी लागून राहिली जी. जाऊ द्यायचं का?"

"मंग जाऊ दे ना बाई."

इतकं सोपं? मला खरंच वाटेना. त्यांचं मन फिरू नये म्हणून मी रोज चहाला एका इंग्रज मरीन अधिकाऱ्याची हकीकत सांगायला लागले. शाळेत इतिहास शिकवते, गोष्टी रंगवायची खोड जुनीच. हा दीडेकशे वर्षांपूर्वीचा जहाजावरचा लढवय्या, खेड्यातला, मिसरूड फुटायच्या आत भरती झालेला. मरिनांत, म्हणजे जहाजावरच्या त्या फौजेत, पायदळासारखा पैसे मोजून हुद्दा मिळत नसे. वरचा हलला की खालचा सरकायचा, म्हणून केस पिकले तरी गडी कॅप्टनच. मामाजींना हे फार पटलं. मी विसरले तर तेच विचारायचे, "सूनबाई, त्या सायबाचं प्रमोशन झालं का नाही?" मग मलाही चेव चढायचा. चीनचा किनारा, तोफा, ताप, सगळं हातवारे करून सांगायची.

एकदा वादळ आलं. लाटा जहाजावर आदळतात, असं मी म्हटलं आणि मामाजींची बशी ओठाशीच थांबली.

"लाटा? वर कुठल्या लाटा?"

आता कुठे उजेड पडला. आमच्याकडे जहाज म्हणजे बागेवरून नागपूरकडे उडत जातं ते विमान. दुसरं कुणी पाहिलंय कशाला! मामाजी इतके दिवस सायबाला आभाळात लढवत होते, आणि नातीलाही तिथेच बसवून मोकळे झाले होते.

"म्हणजे पोरगी पाण्यावर जाऊन राहिली?" एवढं बोलून ते उठून गेले. मला हसू येत होतं आणि आता त्यांचं मन फिरेल अशी धास्तीही.

दुसऱ्या दिवशी चहाला बसताच त्यांनी विचारलं, "त्या सायबाले पोहता येत होतं?"

खोटं बोलायचा मोह झाला, पण जमलं नाही. "नाही जी. तेव्हा बहुतेकांना येत नसे."

"अन् शेवटी काय झाला तो?"

"कर्नल."

मामाजींनी खुंटीवरचा दोर घेतला, तेलाचा रिकामा डबा उचलला आणि नातीला हाक मारली. "चाल विहिरीवर. तो बिनपोहता कर्नल झाला. तुले तं मी शिकवूनच धाडतो."

मी शाळेत सुट्टी सांगून मागे धावले. विहिरीच्या काठावर ते तिच्या पाठीला डबा बांधत होते. गाठ पक्की बसली होती, तरी ते पुन्हा पुन्हा ओढून बघत होते.