मंदाचं घर कोणतं लिहायचं?

मैत्रिणींनो, घरी आले तरी आजची एक भेट डोक्यातून जात नाही.

मी खुटबाव गावात अंगणवाडी सेविका आहे. बायकांना दरमहा मिळणाऱ्या अनुदानाची पडताळणी आमच्याकडं आलीय. घरात चारचाकी असेल तर अनुदान बंद.

आज मंदाकडं गेले. नवऱ्यानं टाकलेली, दिराच्या घरामागं पत्र्याच्या खोलीत वेगळी चूल मांडून राहते. मला बघताच तिनं माझा हात घट्ट धरला.

"ताई, गाडी दिरांची हाय. मी त्यात कवा बसले बी न्हाई."

"मग तू वेगळी राहतेस, असं लिहिते," मी म्हणाले.

तेवढ्यात दीर मागं येऊन उभे राहिले. "वेगळी लिहिली तर उद्या जागेत वाटा मागंल. आमच्यातच हाय, तसंच लिहा."

मंदानं माझा हात सोडला. "एकत्रच लिवा, ताई," ती पुटपुटली. ते गेल्यावर हळूच म्हणाली, "पैसं बंद झालं तर मजुरीला जाईन. खोली गेली तर कुठं जाऊ?"

मी एकत्रच लिहिलं. खोटं कशाला सांगू, मलाही त्यांची भीती वाटली.

अजून अर्धी आळी बाकी आहे. अशा बाईचं घर नेमकं कोणतं धरायचं, कुणी सांगाल का?