टोकं तापू द्या

"थांबा! हात काढा बटनावरनं. टोकं तापू द्या."

ट्यूब पेटायला उशीर झाला आणि कोणी बटन खाली-वर करू लागलं, की आमच्या देवळाली प्रवऱ्यातले वायरमन मामा असे ओरडायचे. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. संध्याकाळी उसाला पाणी द्यायच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं, ट्यूबा मिचमिचायच्या आणि मामांच्या प्रवचनाला रंग चढायचा.

"दोन्ही टोकांत बारीक तार असती. स्टार्टर आधी ती तापवतो, मग चोक झटका देतो. गार तारेला झटका बसला की तिच्यावरचा लेप उडतो, टोकं काळी पडत्यात. मग बसा अंधारात!"

हे इतक्यांदा ऐकलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. घरोघरी एलईडी आले, मामांच्या घरात मात्र ट्यूबच. मामी वैतागायच्या, "माझा चहा गार झाला तरी चालतोय, ह्यांची तार गार नको!"

मामांच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा शेजारी म्हणून मीही बसलो होतो. मुलगी नर्सिंग शिकत होती आणि ते पुरं करायचंच, असा तिचा हट्ट होता. नेमकी ट्यूब मिचमिचली. झालं! मामांनी पाहुण्यांनाही टोकं समजावायला घेतली. मुलाचे चुलते कंटाळले.

"ते ऱ्हाऊ द्या वो. पोरगी पसंत हाय, सुपारी आत्ताच फोडू. आता शिकून काय करायचंय?"

मामी हरखल्या. मामांनी दाराआड उभ्या मुलीकडे पाहिलं. ती रडवेली झाली होती.

"सुपारी न्हाई फुटायची," मामा म्हणाले. "तिचं शिक्षन हुईस्तोवर न्हाई. आन् मग बी तिलाच इचारा."

पाहुणे तडक उठले. ते चपला घालत होते आणि ट्यूब लख्ख पेटली! मला हसू आवरेना. मामी कितीतरी दिवस मामांशी बोलल्या नाहीत. खरं सांगतो, मला मात्र त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. त्याआधी नगरच्या एका दवाखान्यात होते, तिथे मी त्यांना भेटायला गेलो. नवे डॉक्टर विचारत होते, "पेशंटजवळ घरचं कोण आहे? आणि इथल्या सिस्टर कुठायत?"

मामांचा हात धरून बसलेली मुलगी उठली. डोळे पुसून म्हणाली, "घरची बी मीच, सर. सिस्टर बी मीच."