अख्तरबींचे हात

कराडच्या मंडईमागे अख्तरबी तीस वर्षं बांगड्या भरतात. नवरीचा हिरवा चुडा त्यांच्याच हातून भरायचा, हे कित्येक घरांत ठरलेलं असे. गेल्या वर्षी वाईजवळ चित्रीकरण चाललेल्या एका मालिकेत त्यांना बांगडीवालीचं छोटं काम मिळालं. नवरा गेलेल्या सुनेच्या बांगड्या फोडायच्या, असं दिग्दर्शकानं सांगितलं.

"फोडणार न्हाई," त्या म्हणाल्या. "भरणाऱ्यानं फोडायच्या नसत्यात. उतरवते."

कॅमेरा सुरू झाला. भरताना धरतात तसाच त्यांनी सुनेचा पंजा दाबून धरला आणि एकेक बांगडी सबंध काढून घेतली. चार मिनिटं त्या एक शब्द बोलल्या नाहीत, रडल्याही नाहीत. तो भाग टीव्हीवर लागल्यावर, सिनेमाला पुरस्कार देणाऱ्यांनी हे काम पाहायला हवं, असं एका वर्तमानपत्रानं लिहिलं.

लगीनसराई आली, पण नेहमीच्या घरांतून बोलावणं येईना. मग एके सकाळी शरयू कदम आल्या. त्यांच्या दोन्ही थोरल्या मुलींचे चुडे अख्तरबींनीच भरले होते. आता धाकटीचं लग्न होतं.

"भाभी, लय रडवलं तुमी आमाला. सिनेमातल्या बायकांना तरी जमंल का असं?"

"मग चुडा भरायला कवा येऊ?"

शरयूबाईंनी आधी त्यांच्यासोबत फोटो काढला. मग मुलीच्या मापाच्या बांगड्या कागदात बांधून मागितल्या.

"आमी घरीच भरतो," त्या म्हणाल्या. "तुमचं ते हात डोळ्यांपुढनं जात न्हाईत, भाभी."

अख्तरबींनी पुडक्याला दोरा बांधला आणि माप बरोबर आहे ना, एवढंच विचारलं.