नळावरच्या बाईची नक्कल

माझी ओळख करून देताना लोक माझं नाव सांगत नाहीत, एक वाक्य म्हणतात. "लायनीत या, लायनीत! पाणी काय पळून चाललंय का?" मग समोरचा मला निरखून बघतो आणि विचारतो, "अरेच्चा, ती चिमुरडी म्हणजे तुम्ही?" हो, मीच. आता मी चांगली चष्मा लागलेली सरकारी अधिकारी आहे, पण त्याच्याशी महाराष्ट्राला काही देणंघेणं नाही.

रविवारी सकाळी टीव्हीवर लहान मुलांचा एक कार्यक्रम लागायचा. गाणी, नाच, जादू, नकला, सगळं एकत्र. त्या वेळेला आमच्या येरवड्याच्या गल्लीत चिटपाखरू दिसायचं नाही. मी दुसरीत असताना त्यात नळावरच्या बाईची नक्कल केली. ती बाई म्हणजे माझी आई. आमच्या सार्वजनिक नळावर ती तशी ओरडायची, आणि घरी मी तिची नक्कल केली की तीच सगळ्यांत जास्त हसायची. दिग्दर्शकांनी माझ्या पोटाला उशी बांधली आणि कमरेवर हात ठेवून ठुमकायला शिकवलं. एवढी भर त्यांची.

पुढे ते वाक्य रिक्षांच्या मागे रंगवलं गेलं. शनिवार पेठेतल्या एका दुकानदाराने पाटी लावली: 'लायनीत या. चकली पळून जात नाही. दुकान मात्र दुपारी बंद होते.' शाळाशाळांच्या गॅदरिंगला उशा बांधलेल्या मुली उभ्या राहिल्या. पोरगं जरा चुरूचुरू बोललं की आईबाप त्याला नकलांच्या क्लासला घालू लागले. आता माझं स्टिकर लोकांच्या फोनवर फिरतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी आवाज चढवला की कोपऱ्यातून कुणीतरी हळूच ते वाक्य सोडतं आणि मुद्दा तिथंच मरतो. रागवायचीही सोय नाही. रागावले की अगदी तश्शीच दिसते म्हणे.

पण आई गंमत म्हणून ओरडत नव्हती. नळाला पाणी थोडा वेळ यायचं. गल्लीतले काही दांडगे पुरुष मध्ये घुसून आपले ड्रम आधी लावायचे आणि मागच्या बाया रिकामे हंडे घेऊन घरी जायच्या. आई त्या ड्रमपुढे आडवी उभी राहायची. शिव्या खायची, पण हलायची नाही. तिच्यामुळे सगळ्यांना पाणी मिळू लागलं होतं. कार्यक्रम लागला त्यानंतर दुसऱ्याच दिवशी ती नेहमीसारखी ओरडली, आणि अख्खी रांग हसली. ड्रमवाल्यांनी तिचंच वाक्य तिला म्हणून दाखवलं, कंबर हलवून. मी कळशी घेऊन तिच्या शेजारी उभी होते. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. आईने रिकामा हंडा उचलला आणि गुपचूप घरी आली.

त्यानंतर ती नळावर कधीच ओरडली नाही. ड्रम पुन्हा पुढे लागले. पाहुणे आले की मला मात्र कौतुकाने म्हणायची, "म्हणून दाखव गं." तिला माझा खरोखर अभिमान होता, आणि म्हणूनच मला तिच्यासमोर कधी नाही म्हणता आलं नाही.

यंदा आई गेली. पुण्यानुमोदनाला विहाराचा हॉल भरला होता. मी मनाशी ठरवलं होतं, नळाची गोष्ट आज सांगायची. सगळी आपली माणसं, इथं नाही सांगितली तर कुठंच सांगता येणार नाही. बुद्धवंदना झाली, आदरांजलीची भाषणं सुरू झाली. सूत्रसंचालन माझ्या मामांकडे होतं. साखरपुडा असो की शोकसभा, माइक मामांकडेच असतो आणि उत्साहही तेवढाच.

"आता येत आहेत आपल्या सर्वांच्या लाडक्या... ओळखलंच असेल तुम्ही!"

मी माइकसमोर गेले. "माझी आई विनोदी नव्हती," म्हणाले.

हशा पिकला. सुरुवात झाली असं त्यांना वाटलं.

"ती नळावर भांडायची, कारण ते ड्रमवाले..."

"ताई, एकदा होऊन जाऊ द्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

"म्हण की गं बाळा," मामा लाडाने म्हणाले. "अक्काला किती आवडायचं!"

माझा संताप झाला, आणि रडूही आलं. म्हटलं, ठीक आहे, खरं कसं होतं तेच ऐकवू. ते ऐकलं तरी कळेल यांना. कमरेवर हात ठेवला नाही. ड्रमपुढे आई उभी राहायची तशी उभी राहिले आणि तिच्या आवाजात ओरडले. ओरडताना तिचा आवाज भीतीने कापायचा. माझाही कापला.

पुण्यानुमोदनाला कुणी टाळ्या वाजवत नाही. त्या दिवशी वाजल्या. आईबरोबर पाणी भरलेल्या म्हाताऱ्या पुढेच बसल्या होत्या. त्याही तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मामांनी डोळे पुसत माइक घेतला. "व्वा! अगदी अक्काच उभी राहिली नळावर!"

उभ्या जन्मात मामा एकदा बरोबर बोलले. नळाची गोष्ट तशीच ठेवून मी जागेवर जाऊन बसले.